कोलूला आलेल्या तिघी

आमच्या स्वयंपाकघरात आल्याला बंदी होती. सांबारात नाही, चटणीत नाही, सर्दीने नाक चोंदलं तरी काढ्यातसुद्धा नाही. बाकी खाण्यापिण्यात आमचं घर कुणाला हार जाणारं नव्हतं. उडदाचं पीठ ताकात कालवून वर मोहरी-हिंगाची चुरचुरीत फोडणी दिलेलं आईच्या हातचं डांगर खायला शेजारच्या तमिळ मामी न लाजता वाटी पुढे करायच्या. पण आलं म्हटलं की आई तोंड फिरवायची, कारण अप्पा, म्हणजे माझे वडील, ‘जिंजर’ प्यायचे. दारूबंदीचे दिवस होते ते. दारूबंदी होती म्हणून दारू नव्हती असं मात्र कुणी समजू नये. मद्रासच्या मांबलम स्टेशनाजवळ एका औषधांच्या दुकानात पोटदुखीवर म्हणून सुंठीचा अर्क मिळायचा, छोट्या बाटलीत. त्यात औषध नावाला आणि बाकी नशाच. अप्पा संध्याकाळी उंबऱ्यात पाय ठेवायचे तेव्हा त्यांच्याआधी तो उग्र वास घरात यायचा, आणि माझा धाकटा भाऊ बाळू खेळ टाकून माझ्यामागे येऊन उभा राहायचा. मला आजही आल्याचा चहा चालत नाही. आता मद्रासला मुलाच्या पेरुंगुडीच्या फ्लॅटमध्ये माझी सून पाहुण्यांसाठी आलं किसायला लागली की मी गॅलरीत जाऊन बसते. तिला वाटतं सासूबाईंना हवा खायचीय. वाटू दे.

अप्पा वाईट होते असं मी कुणाला म्हणू देणार नाही. सरकारी कचेरीत कारकून, अक्षर मोत्यासारखं, गणितात असे तयार की मला त्रैराशिक शिकवताना ते गोष्ट सांगताहेत असंच वाटायचं. आम्ही तंजावरकडचे मराठी. शेकडो वर्षं तमिळ मुलुखात राहिलेलो, त्यामुळे घरात जुनी मराठी, दारात तमिळ आणि भांडणात दोन्ही. पुढे लग्न होऊन मी पुण्याला गेले तेव्हा माझं ‘मज’ आणि ‘तुज’ ऐकून तिथल्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या होत्या. मी म्हटलं, हसा, तुमची मराठी तुमच्याजवळ, माझी माझ्याजवळ. पण अप्पा ती मराठी बोलायला लागले की ऐकत राहावं. रविवारी सकाळी अंगणातल्या विहिरीवर ते बाळूला आंघोळ घालत तेव्हा पाण्याच्या आवाजात त्यांचं गाणं, लांबून इलेक्ट्रिक ट्रेनची शिटी आणि ‘कीरै, कीरै’ ओरडत जाणारी पालेभाजीवाली, एवढं सगळं एकदम कानात यायचं. त्या सकाळी मला वाटायचं, आपल्यासारखं सुखी कुणी नाही. आणि मग सोमवार यायचा.

जिंजर प्यायल्याचं कुणाला कळलं तर नुसती नाचक्की नव्हती. पिणं हा गुन्हा होता. पोलीस आले असते, अप्पांची नोकरी गेली असती. म्हणून आईने ठरवलं, झाकली मूठ सव्वा लाखाची. सकाळी ती चार गल्ल्या पलीकडे एका घरी अप्पळं, म्हणजे पापड, लाटायला जायची. अप्पा ऑफिसला गेले तर बाळूला बरोबर न्यायची, पण ज्या दिवशी अप्पा उठूच शकत नसत त्या दिवशी त्यांच्याजवळ कुणीतरी हवं आणि बाळूकडेही कुणीतरी बघायला हवं, म्हणून माझी शाळा बुडायची. मी तेव्हा पाचवीत होते. विशालाक्षी अम्मा आमच्या हेडमिस्ट्रेस. त्यांनी विचारलं, तेव्हा आईने सांगितलं की सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, सरोजाला त्यांच्याजवळ बसावं लागतं. कॉर्पोरेशनच्या दवाखान्यातल्या ग्रेसी सिस्टर घरोघर फिरत. अप्पांच्या हाताला जखम दिसली, तेव्हा त्यांना सांगितलं की सायकलवरून पडले. आणि बायकांच्या मादर संगमच्या सेक्रेटरी आलमेलू मामी काळ्या गाडीतून चौकशीला आल्या, तेव्हा सांगितलं की यजमान तंजावरला शेतीचं बघायला गेलेत, बरेच महिने यायचे नाहीत. तिघी भल्या बायका होत्या. तिघींना आमची कणव होती. पण एकीचा दुसरीला पत्ता नव्हता, त्यामुळे तिघींनीही आम्हाला एकच वस्तू दिली, दुधाची भुकटी! फळीवर भुकटीचे डबे मावत नव्हते आणि बाळूला सांभाळायला माणूस नव्हतं. एक ना धड, भाराभर चिंध्या.

मग ते झालं, ज्याची आईला धास्ती होती. एका सकाळी माझी परीक्षा होती म्हणून आईने छातीवर दगड ठेवून झोपलेल्या बाळूला झोपलेल्या अप्पांजवळ सोडलं. बाळू आपला दार उघडून चालू पडला, तो थेट रेल्वेच्या गेटापर्यंत. गेटमनने उचलून आणला म्हणून मिळाला. गल्लीत बोभाटा झाला, आणि तो आलमेलू मामींपर्यंत पोचला. त्या आल्या, खुर्चीवर बसल्या, आईचा हात हातात घेतला आणि अगदी मायेने म्हणाल्या, “रुक्माबाई, बाप गावाला, तुम्ही कामावर. मुलं अशी रस्त्यावर नकोत. मी सगळी व्यवस्था केलीय. दसऱ्याची सुट्टी संपली, शाळा उघडली की आमची व्हॅन येईल. मुलगी तांबरमला मुलींच्या होममध्ये, मुलगा त्याच्या वयाच्या मुलांत, दुसऱ्या होममध्ये. यजमान परत आले की मुलं तुमची तुम्हाला.”

मी दाराआड उभी होते. मला वाटलं आई आता सांगेल की हे इथेच आहेत, पलीकडच्या खोलीत पडलेत. पण ते सांगायचं तर तसे का पडलेत तेही सांगावं लागणार. आई नुसती “बरं” म्हणाली. मामी गेल्यावर ती चुलीपुढे बसून राहिली आणि भात करपला. आमच्या घरी भात करपलेला मी पहिल्यांदाच पाहिला. मी म्हटलं, “आई, बाळू माझ्याशिवाय झोपत नाही.” ती म्हणाली, “मज माहीत नाही का गे?” आणि पदराने डोळे पुसायला लागली. मला आईची दया आली आणि रागही आला. खरं म्हणजे रागच जास्त आला. स्वभावच माझा तसा, रडू येण्याआधी मला राग येतो.

नवरात्र आलं. मद्रासमध्ये नवरात्र म्हणजे कोलू. पायऱ्या मांडायच्या, त्यावर पांढरं धोतर पसरायचं आणि देवादिकांपासून वाण्या-चेट्टीपर्यंत सगळ्या बाहुल्या ओळीने बसवायच्या. आमच्या तंजावरी घरांनीही तो कधीच आपला करून टाकलेला. एकदा घरात कोलू बसला की मोडायचा नसतो, मग घरात काहीही असो. आईने ट्रंका आणि रॉकेलचे डबे रचून पायऱ्या केल्या. संध्याकाळी बायकांना बोलवायचं, हळदकुंकू, विडा आणि सुंडल द्यायचं. सुंडल म्हणजे उकडलेले हरभरे, वर खोबरं. आणि आलेल्या प्रत्येकीने बाहुल्यांपुढे बसून गायचं. गळा असो नसो, गाणं चुकत नाही. बोलवायला जायचं काम घरच्या मुलीचं. परकर-पोलका घालून, हातात चांदीची कुंकवाची डबी घेऊन ती दारोदार जाते. मुलीने कुंकू लावून बोलावलं की ‘नाही’ म्हणता येत नाही, आणि आलेल्या बाईला दारातून परत पाठवता येत नाही. जात, पैसा, हुद्दा, त्या नऊ दिवसांत काही आड येत नाही. आईने मला गल्लीतली घरं सांगितली होती. मी गल्ली संपवली आणि पुढे चालत राहिले.

माझं डोकं तेव्हाही तेज होतं, उगीच विनय कशाला दाखवू? मी एवढाच विचार केला होता की अप्पा मद्रासमध्येच आहेत हे ग्रेसी सिस्टरना ठाऊक आहे. सिस्टर आणि मामी एका चटईवर बसल्या की ते मामींच्या कानावर जाणारच, मग व्हॅन यायची नाही. पुढचं काही मला सुचलं नव्हतं. हेडमिस्ट्रेसना बोलावलं ते, सगळ्यांना बोलावून बाईंना वगळलं असं व्हायला नको म्हणून. सिस्टर ख्रिश्चन, केरळच्या. मी डबी पुढे करून अडखळले. त्या हसल्या, “कुंकू नको, पण येते हं. सुंडल ठेव माझ्यासाठी.” मामींच्या बंगल्यावर तर नोकर आत सोडेना. मी दारातच मोठ्याने बोलवण्याचं गाणं सुरू केलं. मामी स्वतः धावत बाहेर आल्या.

सातव्या माळेला, मी सांगितलेल्या वेळी, तिघी एकदम आमच्या ओसरीवर आल्या तेव्हा आईच्या तोंडचं पाणी पळालं. अप्पा त्या दिवशी घरात होते, न पिता. नवरात्रात ते निदान संध्याकाळपर्यंत स्वतःला धरून ठेवत. बायका आल्या म्हणून रीतीप्रमाणे ते मधलं दार लोटून आतल्या खोलीत बसले. आईने चटई घातली. विशालाक्षी अम्मांनी एक कीर्तन म्हटलं, ताल शाळेच्या छडीसारखा. मग सिस्टर मांडी घालून बसल्या आणि त्यांनी मल्याळममधलं येशूचं गाणं इतकं गोड म्हटलं की शेजारची मामी म्हणाली, “आणखी एक म्हणा.” आईच्या चेहऱ्यावर जरा रंग आला. ती पानांच्या द्रोणांत सुंडल वाढायला लागली, आणि विशालाक्षी अम्मांनी सहज विचारलं, “सासूबाई कशा आहेत आता? त्यांच्यापायी या मुलीची शाळा फार बुडते.”

“सासूबाई?” सिस्टर म्हणाल्या. “या घरात म्हातारं माणूस मी कधी पाहिलं नाही.”

“तंजावरला असतील त्या,” आलमेलू मामी म्हणाल्या. “यांचे यजमानही तिकडेच आहेत ना, शेतीवर.”

“तंजावरला? अहो, गेल्या आठवड्यात मीच त्यांच्या हाताला पट्टी बांधली. सायकलवरून पडले होते.”

विशालाक्षी अम्मांनी अंगणाकडे, ओसरीकडे, कोपऱ्याकडे नजर टाकली. “सायकल कुठाय?”

शेजारची मामी पटकन द्रोण घेऊन उठली आणि “दिवा लावायचाय” म्हणून निघून गेली. देव तिचं भलं करो. राहिल्या तिघी, आई आणि मी. मी पेटवायला गेले होते समई आणि पेटलं घर, असं मला झालं. आईने हातातलं पातेलं खाली ठेवलं. पदर नीट केला. तिची तमिळ नेहमी जरा दबकत असायची, पण त्या दिवशी एकेक शब्द स्वच्छ होता.

“सासूबाई वारल्या, मी लग्न होऊन आले त्याच वर्षी. सायकल नाही. शेती नाही. माझे यजमान त्या दाराच्या आड बसलेत. ते पितात. जिंजर पितात. शुद्धीत असतात तेव्हा देवमाणूस आहेत आणि नसतात तेव्हा मला मुलांना त्यांच्याजवळ ठेवता येत नाही. म्हणून ही शाळा बुडवते. म्हणून तो रुळांकडे गेला. मी तिघींशी खोटं बोलले. आता मुलं न्यायची तर न्या, पण बाप गावाला गेलाय म्हणून नेऊ नका.”

माझ्या आईइतकी शूर बाई मी नंतर पाहिली नाही. पुण्यात माझी पस्तीस वर्षं शाळेत गेली, मोठमोठ्या बायका पाहिल्या, व्यासपीठावर गर्जणाऱ्या. पण पोलिसांचं भय, नोकरीचं भय, लोकांचं भय, सगळं एका बाजूला ठेवून चार हातांच्या चटईवर खरं बोलायला जे लागतं ते तिच्याजवळ होतं, आणि मी तिची मुलगी आहे याचा मला त्या क्षणी जो अभिमान वाटला तो अजून तसाच आहे.

आलमेलू मामी दुखावल्या. “मला का नाही सांगितलंत?” “सांगितलं असतं तर तुम्ही पोलिसांत गेला असता,” आई म्हणाली. मामींनी हातातला द्रोण खाली ठेवला. मग म्हणाल्या, “गेले असते. खरं आहे.” आणि इथून तिघींची जी जुंपली! मामी म्हणाल्या, कायदा तो कायदा. सिस्टर म्हणाल्या, तुमच्या कायद्याने हात थरथरायचे थांबत नाहीत, हा माणूस आजारी आहे, मी त्याला मोठ्या सरकारी हॉस्पिटलात आमच्या डॉक्टरांकडे नेते. आजारपणाची रजा काढू दे ऑफिसातून. विशालाक्षी अम्मा म्हणाल्या, ते तुम्ही बघा, मला सांगा, मुलगी घरी का राहते? भावासाठी ना? मग भावालाच शाळेत आणा. विजयादशमीला पहिल्या वर्गात पोरं घालायची रीतच आहे. वय थोडं कमी आहे, बसेल बालवर्गात. मामींनी विचारलं, आणि आई सकाळी कामावर? त्यांचं त्यांनीच उत्तर दिलं. संगमच्या शिवणवर्गाच्या स्वयंपाकाला बाई हवीच होती, शाळेच्या वेळेतच काम. बोलता बोलता तिघींना भुकटीचंही कळलं. फळीकडे बघून सिस्टर इतक्या हसल्या की त्यांचा ठसका आवरेना. महिनाभर तिघींनी वेगवेगळ्या वेळी येऊन जे जमलं नाही ते एका सुंडलाच्या द्रोणावर जमलं. शेवटी मामी माझ्याकडे वळल्या. “तुला काय वाटतं गं? तांबरमचं होम चांगलं आहे. बाग आहे.” तोवर मला कुणी काही विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, “बाग नको. मला घरी राहायचंय आणि रोज शाळेत जायचंय.” “रोज?” विशालाक्षी अम्मा म्हणाल्या. “रोज,” मी म्हटलं. “बघते,” त्या म्हणाल्या. “पण एक. मुलाला घालायला आणि न्यायला बापाने यायचं. आईने नाही, हिने तर नाहीच.”

त्या गेल्यावर आईने माझ्याकडे पाहिलं. “तूच ना गे?” मी मान डोलावली. मला वाटलं आता पाठ सोलून निघणार. ती म्हणाली, “पुढच्या वर्षी सिस्टरांस आधी बोलाव. गळा छान आहे त्यांचा.” मधलं दार उघडलं. अप्पा बाहेर आले, कोलूपुढे बसले आणि आईला म्हणाले, “सिस्टरांनी कधी या म्हटलंय?”

अप्पा एका फटक्यात सुधारले असं लिहिलं तर खोटं होईल, आणि खोटं बोलणं आमच्या घरात त्या संध्याकाळी संपलं. ते हॉस्पिटलात राहून आले, दोनदा घसरले, पुन्हा गेले. पण घसरले की त्याच दिवशी सिस्टरना कळायचं, सिस्टरकडून शाळेला, शाळेकडून संगमला, आणि बाळू कुणाच्या ना कुणाच्या मांडीवर सुरक्षित असायचा. तिघींनी पुढे गल्लीतल्या आणखी घरांसाठी तेच केलं, दर शुक्रवारी, आमच्याच ओसरीवर, आणि आई त्यांत चौथी. पुण्यात मी अशा घरांतल्या मुलांसाठी बैठकांना बसत असे. पोलीस खात्याचे एक, हॉस्पिटलचे एक, सरकारी बालकल्याणवाले एक, प्रत्येकजण आपापली फाईल छातीशी धरून. मी म्हणायची, आधी फायली ठेवा, खायला घ्या आणि प्रत्येकाला त्या बाईने काय सांगितलंय ते बोला. हसायचे आधी. मग बोलायचे.

विजयादशमीला अप्पांनी स्वतः बाळूचं बोट धरून तांदळात अक्षर गिरवून घेतलं आणि त्याला शाळेत घातलं. सुट्टी संपली. शाळा उघडली त्या सकाळी मी दारात उभी राहून व्हॅनची वाट पाहिली, आली तर चावायचं अशा तयारीने. आली नाही. मी शाळेत गेले, पण वर्गात बाई काय शिकवत होत्या देव जाणे. बालवर्ग दुपारी जेवणाआधीच सुटायचा. घंटा झाली. अप्पा आले नाहीत तर? आले आणि तो वास घेऊन आले तर? मी बाईंना विचारलंसुद्धा नाही, उठले आणि धावत फाटकाशी गेले, बाळूला मीच घरी नेईन म्हणून.

फाटकाबाहेर पुंगाच्या, म्हणजे करंजाच्या, झाडाखाली अप्पा उभे होते. दाढी केलेली, सदरा धुतलेला, हात थोडे थरथरत होते. मी जवळ जाऊन श्वास घेतला. वास नव्हता. बाळू त्यांच्या खांद्यावर चढून आपण काय गिरवलं ते सांगत होता.

“तू काय म्हणून आलीस गे?” अप्पा म्हणाले. “मी आहे नव्हे? जा, वर्गांत जा.”

मी वर्गात गेले.